विणकराचा कान

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले, पण चीड येते ती याच प्रकरणाची. ना खून, ना दरोडा. एका माणसाचा कान, आणि त्या कानापायी एक बाई तुरुंगात.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला मुख्यालयात महिला शिपाई होते. चौथी पास बाईला त्या काळी पोलिसात घेत. आम्ही मोजक्याच होतो, त्यामुळे ज्या ठाण्यात बाईची झडती असे किंवा बाईला कोर्टात न्यायचं असे, तिथून मुख्यालयात निरोप येई आणि एकीला जावं लागे. आरोपी बाईबरोबर जायचं, तिच्याशेजारी बसायचं, तिला परत पोचवायचं. बोलायचं काम साहेबांचं आणि लिहायचं मुन्शीचं. मला ते बरं होतं. चार पुरुषांत तोंड उघडायला मला नको वाटे.

शहराच्या जुन्या भागात विणकरांचा एक मोहल्ला होता. गल्ली अरुंद, आणि त्या गल्लीवर दोघांचा दावा. विणकरांना ती सकाळी ताणा पसरायला हवी असे. मागावर चढवण्याआधी सूत लांबच लांब ताणून त्याला खळ लावावी लागते, आणि ते ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी एक विधवा बाई राहायची. ती उन्हाळाभर शेवया, कुरड्या, मुगाच्या वड्या करून विकायची, त्यावर तिचं वर्ष निघायचं. तिलाही वाळवणाच्या बाजा टाकायला तीच गल्ली आणि तीच वेळ हवी. म्हणून तिचं आणि शेजारच्या विणकराचं रोज सकाळी भांडण. त्यात माकडं. चिंचेवरून कवेलूच्या छपरावर उडी, छपरावरून बाजेवर, आणि कुरड्यांचा सत्यानाश.

माकडांसाठी बाईच्या भावाने तिला नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून एक लोखंडी नळी आणून दिली होती. नळीत चिमूटभर पोटॅश-गंधक घालायचं, वर जाड खिळा बसवायचा आणि दगडावर आपटायचं. बार होतो, माकडं पळतात. पण शहरातली माकडं हुशार. दोन-चार दिवसांत ती चिमटीभर बाराला भिईनाशी झाली. मग बाईने चिमटीची मूठ केली.

त्या सकाळी दोघांचं नेहमीचं भांडण झालं. ती ओरडली ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. "किती येळा सांगू गा, माह्या कुरडईवर खळ उडते! आयकू नाही येत का तुले? थांब, एक दिवस तुहे कानच उघडीन!"

थोड्या वेळाने माकडं आली. बाईने नळी भरली आणि ओट्याच्या कडेच्या दगडावर आपटली. ओट्याच्या पलीकडे, बुटक्या भिंतीआड, तो विणकर उकिडवा बसून ताण्याचे तुटलेले धागे जोडत होता. त्याचं डोकं बरोबर त्या दगडाच्या उंचीवर. बार झाला तसा तो दोन्ही कान धरून आडवा झाला. लोक धावले, काय झालं म्हणून विचारू लागले, तर तो सगळ्यांच्या तोंडांकडे पाही आणि म्हणे, "बोला ना गा, काहून बोलत नाही कोणी?"

लोकांनी त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे कानाचे डॉक्टर होते, ते जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी कान तपासले, दोन्ही पडदे लाल होते, रुग्णाला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी दाखल्यावर एक जर्मन शब्द लिहिला, क्नालट्राउमा. धमाक्याने कानाच्या आतल्या नसेला बसलेला मार, असा त्याचा अर्थ. तो कधी भरून येतो, कधी येत नाही, हेही त्यांनी फौजदार साहेबांना तोंडी सांगितलं. साहेबांनी पहिला शब्द लक्षात ठेवला आणि पुढचं सोडून दिलं. सरकारी वकिलांना ते फोनवर सांगत होते ते मी ऐकलं. "क्नाल... क्नालट्राउमा. हो, जर्मन आहे. नाही साहेब, एवढं मोठं नाव आहे म्हणजे कान गेलाच समजा."

आता कायदा कसा आहे पाहा. एका जरी कानाने ऐकू येणं कायमचं बंद झालं तरी ती जबर दुखापत, हाड मोडल्यासारखीच. आणि ती स्फोटक पदार्थाने केलेली असेल तर कलम ३२६ लागतं, त्यात जामीन सहजी मिळत नाही. कान बरा होणारा असता तर कलम ३२४ लागलं असतं आणि बाई त्याच दिवशी जामिनावर घरी गेली असती. त्यात भर म्हणून, "कान उघडीन" ही धमकी ऐकलेले साक्षीदार गल्लीभर. बाई म्हणत होती, मला तो दिसलाच नाही. तिचं कोण ऐकतं?

तिला अटक झाली आणि मला मुख्यालयातून बोलावणं आलं. कोर्टात नेताना ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाई, मी कवा सुटीन?"

मी म्हटलं, "कोर्टाच्या हातात आहे."

"माही पोरगी उमरेडले दिली हाये. आठवा महिना सरत आला. पयलं बाळतपण. मी तिले आणायले जाणार होती ना."

कोर्टाने तिला तुरुंगात पाठवलं. पुढच्या तारखेला मीच तिच्याबरोबर होते. तोवर उमरेडहून तिच्या व्याह्यांचा निरोप आला होता, की जेलमधल्या बाईच्या घरी आमची सून येणार नाही. भावाने तो निरोप कोर्टाच्या आवारात तिला सांगितला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. ती त्याच्यावरच खेकसली, "घरी नाही येणार म्हणते ना? मग मीच जाईन तिथं. माय पाहिजे तिले, घर कायले पाहिजे? पण मले सोडवशीन कवा?"

दर तारखेला ती मला उमरेडच्या गाड्यांच्या वेळा विचारी. मी सांगत असे. दुसरं काय करणार?

अशात एक दिवस ठाण्याला खबर मिळाली. खबर देणारा त्या मोहल्ल्याच्या नाक्यावरचा पानठेलेवाला. मी तेव्हा दुसऱ्या एका बाईच्या झडतीसाठी त्या ठाण्यात गेले होते.

"साहेब, तो बहिरा माह्या ठेल्यावर येते," तो म्हणाला. "काल मी पान लावून राहिलो होतो. रेडिओवर गाणं सुरू होतं. तर याचा अंगठा ठेक्यावर हालून राहिला."

"हाताचा?"

"पायाचा, साहेब. तोंड एकदम दगड. पण अंगठा नाचून राहिला."

ठाण्यातल्या जमादारांना ते पटलं नाही. म्हणाले, "फळीवर पाय असन याचा. फळीतून धमक लागते."

"माही फळी एक महिन्यापासून मोडली हाये," पानठेलेवाला म्हणाला. "तो जमिनीवर उभा होता."

साहेबांनी विणकराला ठाण्यात बोलावलं. त्यानंतर जो तमाशा झाला तो आठवला की मला आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. त्याला बाकावर बसवून एका शिपायाने त्याच्या पाठीमागे पितळी लोटा पाडला. आम्ही सगळे दचकलो, तो नाही. मग दुसरा येऊन मोठ्याने म्हणाला, "साहेब, याच्या घराले आग लागली!" तो शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसला. मग जमादारांनी त्याच्या मागे उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तो तरीही कॅलेंडरच पाहत राहिला. अहो, ठाण्यात बोलावलेला माणूस घरून निघतानाच तयारी करून निघतो. त्याला कळत नाही का, आपल्याला कशाला बोलावलं ते?

शेवटी जमादार म्हणाले, "साहेब, दोन लावू का?"

"फिर्यादीला मारतोस? उद्या पेपरात नाव यायला हवंय का?" साहेब ओरडले. सगळं ठाणं असंच ओरडत होतं आणि ज्याच्यासाठी ओरडत होतं तोच एक गप्प.

डॉक्टरांना विचारावं, तर दवाखान्यातलं कान तपासायचं यंत्र बंद पडलेलं. मुंबईहून सुटा भाग यायचा होता. कधी? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. इकडे बाईची पोरगी नवव्या महिन्यात गेली.

मग साहेबांनी ठरवलं, की विणकराच्या घरी जाऊन त्याचा पुन्हा सविस्तर जबाब घ्यायचा आणि त्याच्या बायकोचाही घ्यायचा. बायको म्हटल्यावर मला बोलावलं.

घर म्हणजे एक लांबट खोली. तिच्या एका टोकाला माग, दुसऱ्या टोकाला चूल. मागावर विणकराचा धाकटा भाऊ बसला होता. लग्नसराईची पातळं द्यायची होती, म्हणून तो काम थांबवायला तयार नव्हता. धोटा इकडून तिकडे पळतो, फणी आपटते, आणि एवढ्याशा खोलीत तो आवाज डोक्यात बसतो. साहेब आणि मुन्शी विणकराच्या बाजेसमोर बसले. प्रश्न पाटीवर लिहायचा, तो त्याने वाचायचा आणि तोंडी उत्तर द्यायचं, अशी पद्धत. साहेबांचं अक्षर मोठं, पाटी लहान. अर्धा प्रश्न लिहिला की जागा संपे. मग पुसायचं, पुन्हा लिहायचं. साहेब पाटीत मान घालून आणि मुन्शी कागदात. मी चुलीजवळ त्याच्या बायकोशेजारी बसले होते. माझी पाळी यायची होती, त्यामुळे मला ऐकण्याशिवाय काम नव्हतं.

विणकर सांगत होता. मी कसा बसलो होतो, बार कसा झाला, कानात कशी शिट्टी वाजली. सुरुवातीला मला काही वेगळं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की एवढ्या खटखटाटात याचा प्रत्येक शब्द मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आहे. मग भावाचा धागा तुटला. माग थांबला, आणि विणकराचा आवाज खाली आला. भावाने धागा जोडला, माग सुरू झाला, आणि याचा आवाज वर गेला. मला वाटलं, योगायोग असेल. पुन्हा धागा तुटायची वाट पाहिली. पुन्हा तसंच. माग थांबला की हा शेजाऱ्याशी बोलावं तसा बोले, माग चालला की शेतातून हाक मारावी तसा.

साहेब चिडून पाटी पुसत होते. मी चुलीजवळून उठले नाही. बायकोचा जबाब झाला. त्यात ती म्हणाली, "लोकाइले वाईट वाटते बाई, पण खरं सांगतो, घरातली भांडणं मात्र थांबली." आम्ही बाहेर पडलो. जमादार बाहेर जीपजवळ थांबले होते, मी त्यांना सांगितलं, त्यांनी साहेबांना.

साहेब माझ्याकडे वळले. "मग आत काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "साहेब, पाटी तुमच्या हातात होती."

जमादार हसले. साहेब हसले नाहीत, पण तसेच जीप घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऐकलं आणि ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, हीच तर तपासणी आहे. तिकडे जर्मनीत यासाठी कानात खडखड वाजवणारी एक डबी मिळते, माझ्याकडे ती नाही. ज्याला ऐकू येतं तो गोंगाटात आपोआप आवाज चढवतो. तो हे ठरवून करत नाही, त्यामुळे ते त्याला ठरवून आवरताही येत नाही. ज्याचे दोन्ही कान खरोखर गेले आहेत, त्याच्या लेखी गोंगाटच नसतो, मग तो आवाज कशाला चढवेल?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः स्कूटरवरून आले. विणकराला बाजेवर, मागाकडे पाठ करून बसवलं. डॉक्टर त्याच्या मागे, भावाला दिसतील असे उभे राहिले. हात वर केला की माग चालवायचा, खाली केला की थांबवायचा. भावाला कारण सांगितलं नव्हतं, त्याला ती गंमत वाटली. साहेबांनी पाटीवर लिहिलं, "पहिल्यापासून सांग." विणकर कंटाळून सांगू लागला. डॉक्टरांचा हात वर, विणकर वर. हात खाली, विणकर खाली. बँडवाल्यांचा मास्तर असतो तसं चाललं होतं. मुन्शीला हसू आवरेना, म्हणून तो खोकत बाहेर गेला.

हात पुन्हा खाली आला तेव्हा माग एका वाक्याच्या मध्येच थांबला. विणकराच्या मोठ्या आवाजाचं टोक त्या शांततेत एकटंच राहिलं, आणि लगेच त्याने आवाज खाली आणला. तो स्वतःच थबकला. त्याने मागे वळून डॉक्टरांचा हात पाहिला, मग भावाकडे पाहिलं.

"आयकू येते," तो हळूच म्हणाला.

साहेबांचा आवाज मात्र चढला. "केव्हापासून?"

"चौथ्या दिवसापासून. पयले तीन दिवस खरंच नाही आलं, साहेब. आईची आण. शिट्टीच वाजून राहिली होती. चौथ्या दिवशी सकाळी हिच्या भांड्याचा आवाज आला."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? तवरिक केस झाली होती, बाईले नेलं होतं. मी म्हटलं, आता सांगितलं तर तुम्ही मलेच आत टाकसान." तो थांबला. साहेब त्याच्याकडे पाहतच राहिले, तसं त्याने उरलेलंही सांगितलं. "अन् गल्ली मोकळी झाली होती, साहेब. सकाळी उठलो की अख्खी गल्ली. कोणाची बाज नाही, काही नाही. ताणा असा सरळ लागे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका बाईला तुरुंगात ठेवलं, कशासाठी? ताणा सरळ लागतो म्हणून! पण माझ्याआधी त्याची बायको उठली. ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. तिला केसचं काही नव्हतं.

"म्हणजे एवढे दिवस मी जे जे बोलली, ते समदं तू आयकून राहिला होता?"

तो बाजेवर मागे सरकला.

"तुह्या मायबद्दल बोलली तेही?"

"तेही."

ती मटकन खाली बसली. साहेब म्हणाले, चला, इथून पुढचं घरातलं आहे.

कोणाला वाटेल की त्याच दिवशी बाई सुटली. तसं होत नसतं. डॉक्टरांनी नवीन दाखला द्यायचा, त्यावरून ठाण्याने कलम बदलल्याचं कोर्टाला कळवायचं, कोर्टाने जामीन द्यायचा, जामीनदाराने सही करायची आणि ते कागद तुरुंगात पोचायचे. डॉक्टरांनी दाखला लगेच दिला. पण साहेबांना कुठल्याशा मंत्र्याच्या बंदोबस्ताला पाठवलं, आणि त्यांच्या सहीशिवाय कागद हलेना. मग कोर्टाला सुट्टी लागली. मग जामीनदार म्हणून आलेल्या भावाकडे घरपट्टीची पावती नव्हती, तो ती आणायला गावी गेला. प्रत्येक जण म्हणे, माझ्याकडून उशीर नाही. आणि खरंच, एकेकट्याकडे पाहिलं तर कोणाकडून फारसा उशीर नव्हता.

ती सुटली त्या दिवशी मी दुसऱ्या एका बाईला पोचवायला तुरुंगाच्या दारात गेले होते. तिचा भाऊ बाहेर उभा होता. आदल्या दिवशी उमरेडला पोरगी बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं त्याने मला सांगितलं. बहिणीला सांगायचा त्याचा धीर होत नव्हता. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा ना बाई."

ती बाहेर आली, गाठोडं काखेला, आणि थेट रस्त्याकडे चालायला लागली. म्हणाली, "दुपारची गाडी भेटते मले. घरी नाही जात मी."

मी तिला सांगितलं.

ती थांबली. गाठोडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "कोण होतं तिच्याजवळ?"

"सासू होती," भाऊ म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. मग भिंतीच्या सावलीत बसली. "आता कायची घाई हाये, बाई? बसू दे थोडं."

भाऊ रिक्षा आणायला गेला. मी तिच्याजवळ बसून राहिले. बसून राहण्याचं काम मला येत होतं. त्या दिवशी ते मला फार जड गेलं.

विणकरावर खोट्या फिर्यादीचा गुन्हा लागला नाही. त्याची फिर्याद दिली त्या दिवशी खरी होती. बाईला पुढे कोर्टाने थोडा दंड केला, तोही बारुद निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते साधं आहे. मार लागला की माणूस पोलिसात धावत येतो. त्याच्याबरोबर चार शेजारी येतात, जीप निघते, मुन्शी कागद काढतो. मार भरून आला की कोणी येत नाही. जो बरा झाला तो गप्प बसतो, आणि आम्हीही त्याला जाऊन विचारत नाही, कारण आमच्याकडे त्याचा दाखला असतो. विणकर पहिले तीन दिवस खोटं बोलला नाही. चौथ्या दिवसापासूनही त्याला फारसं बोलावं लागलं नाही, आम्हीच त्याच्या वतीने ओरडत होतो.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. दुखापतीच्या प्रकरणात बायामाणसांशी माझा संबंध आला, की आठ-पंधरा दिवसांनी वाट वाकडी करून मी जखमी बाईच्या घरी जायची. कोणी सांगितलेलं नसे. दारात उभं राहून विचारायची, आता कसं आहे? बहुतेक जणी खरं सांगत, पण त्याला एक शेपूट जोडत. "बरं हाये बाई आता, पण साहेबाले नका सांगू." मी डोक्याला हात लावायची आणि ठाण्यात जाऊन सांगायची.

एकदा एका बाईने जावेविरुद्ध फिर्याद दिली होती, की तिने माझा हात मोडला. जाऊ कोठडीत. मी गेले तेव्हा ही बाई विहिरीवर त्याच हाताने पाणी ओढत होती. मला पाहिलं आणि दोर सोडून तिने हात पदरात लपवला. बादली दोरासकट खाली गेली, दणकन आवाज झाला.

मी म्हटलं, "आधी बादली काढ वं. मग जबाब लिहू."